करपायच्या अलीकडे

साठच्या दशकात मी जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहून पीएचडी करत होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत लुइझियानाचा एक अमेरिकन राहायचा. सैन्यातली नोकरी संपल्यावर तिथेच राहिलेला. खिडकी उघडायलाही घरमालकीणबाईंची परवानगी मागायचा, आणि प्रत्येक वाक्याआधी "सॉरी" म्हणायचा. मला त्याचा रागच यायचा.

दर नाताळाला तो सगळ्या भाडेकरूंसाठी गंबो, म्हणजे त्याच्या गावचं कोळंबीचं कालवण, करायला घ्यायचा. त्यासाठी पीठ तेलात पार चॉकलेटी होईपर्यंत भाजावं लागतं. पण ते जरा तांबूस झालं की बाई धावत येऊन गॅस बंद करायच्या. मग ते पांढुरकं कालवण आम्ही मुकाट्याने गिळायचो.

एका वर्षी त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून कालथा माझ्याकडे आला. दिवाळीत लाडवांचं बेसन मी आईबरोबर भाजलं होतं. हात थांबवायचा नाही, एवढं ठाऊक होतं. तो शेजारी उभा राहून वास घेत एकच म्हणे, "अजून."

खमंग वास सुटला आणि बाई आल्याच. "अरे, करपलं! पुरे!" त्यांचा हात गॅसकडे गेला. हा मध्ये उभा राहिला, प्लास्टर छातीशी धरून.

"नाइन."

जर्मनमध्ये सरळ 'नाही', आणि मागेपुढे कुठेही सॉरी नव्हतं.

पीठ पार चॉकलेटी झालं, आणि कालवण घेऊन आम्ही जेवायला बसलो. बाईंनी पावाने ताटली लख्ख पुसून घेतली, त्याच्यापुढे धरली आणि हळूच म्हणाल्या,

"सॉरी... अजून आहे?"