जेवणाच्या टेबलावरची सरहद्द

कवळीमास्तरांच्या घरी जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवायला जागा नव्हती. सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशा त्या टेबलावर चार वर्षांपासून एक सरहद्द वसलेली होती. कपाटाकडच्या टोकाला मातीच्या भिंतींचं ठाणं, खिडकीकडच्या टोकाला खडकांखालचा झरा, आणि मधोमध हातभर पसरलेला, वीतभर उंच डोंगर. डोंगराच्या पोटातून खिंड काढलेली होती आणि तिच्यातून दोन खेचरं शेजारी-शेजारी जेमतेम जात. घरातली दोन माणसं मात्र भिंतीला पाठ लावून, ताट मांडीवर घेऊन जेवत.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. ते दातांच्या कवळ्या बनवत. तीन डॉक्टरांकडून जबड्यांची मापं येत आणि मागच्या खोलीत मास्तर त्यांवर हिरड्या चढवून दात बसवत. गल्लीतले निम्मे म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी हसत, आणि उरलेले त्याच दातांनी त्यांना नावं ठेवत. धंद्यातलं त्यांचं एकच वाक्य होतं, ‘आधी व्हॅसलीन, मग प्लास्टर.’ साच्याला व्हॅसलीन लावायचं राहिलं तर प्लास्टर असं धरतं की साचाही फोडावा लागतो. तीस वर्षांत आपला एकही साचा असा फुकट गेला नाही, हे ते कोणी न विचारता सांगत.

सरहद्दीचं वेड त्यांना उशिरा लागलं. खेळण्यांचं एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथून त्यांनी अंगठ्याच्या पेराएवढ्या शिशाच्या शिपायांची पेटी आणली. तीस शिपाई, दोन तोफा, सहा खेचरं आणि घोड्यावर बसलेला एक गोरा कप्तान. शिवाय चोवीस डोंगरवाले, लांब बंदुकांचे. चार जाड पुस्तकं वाचून मास्तरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची म्हणून एक चकमक जुळवली. तशी ती कुठेच झालेली नव्हती. कप्तानाची तुकडी ठाण्यातून निघते, खिंड ओलांडते आणि दहा पाळ्यांत खिडकीची कड गाठते. डोंगरवाल्यांनी तिला अडवायचं. अंतर पट्टीने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशावर ठरवायचं.

शिपायांची बटणं मास्तर दातांच्या ब्रशाने रंगवत, म्हणजे दात रंगवायच्या ब्रशाने. मोडलेले हातपाय कवळीच्या मसाल्याने जोडत. त्यामुळे तुकडीतल्या निम्म्या लोकांचा एखादा तरी अवयव हिरडीच्या रंगाचा होता. खुद्द कप्तानाचा उजवा हात, पुढे बोट दाखवणारा, खांद्यापासून गुलाबी होता. डोंगर अर्थातच दातांच्या प्लास्टरचा. पण सगळ्यात जीव लावला होता तो झऱ्यावर. पारदर्शक मसाल्याचे तीन थर आणि वर चकाकीचा हात. आधी तो ठाण्याजवळ होता. तिथे उजेड पडेना, म्हणून मास्तरांनी तो खिडकीपाशी हलवला. मग ठाण्यातली माणसं पाणी कुठून आणत असतील, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

विचारणार कोण? डोंगरवाल्यांच्या बाजूने खेळायला मेहुणा येई. तो लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. आठवडाभर शेजारच्या सीटवर बसून ‘ब्रेक, ब्रेक!’ ओरडायचं, त्याची भरपाई तो रविवारी करी. पहिल्या पाळीला चोवीसच्या चोवीस माणसं डोंगरावरून खाली सोडी, आणि तिसऱ्या पाळीपर्यंत ती सगळी आडवी. मास्तर चार वर्षांत एकदाही हरले नव्हते. त्यांना वाटे, हे आपल्या डावपेचांमुळे.

मग मास्तरांची बायको निवृत्त झाली.

ती अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. मास्तरांवरून गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन टेबलाशी उभी राहिली.

“हे उचला.”

“काय उचलू?”

“डोंगर. मला जेवायचंय.”

“अगं, मांडीवर काय वाईट आहे?”

“अठ्ठावीस वर्षं मी डबा मांडीवर खाल्ला. का, तर ऑफिसच्या टेबलावर फायली. आता घरच्या टेबलावर खेचरं. मरायच्या आधी एकदा कोपर टेकून जेवेन म्हणते.”

मास्तरांनी सांगून पाहिलं, की खेळ मांडलेला आहे, रविवारी मेहुणा यायचाय. तेवढ्यात मेहुण्याचाच फोन आला. एका शिकाऊ बाईंनी रिव्हर्स गिअर टाकून खांब गाठला होता. मेहुण्याच्या मानेला पट्टा बसला होता आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस वाकायला मनाई केली होती.

मास्तरीणबाईंनी ताट खाली ठेवलं. “मी खेळते त्याच्या जागी. मी जिंकले तर टेबल जेवायचं. तुम्ही जिंकलात तर कायमचं तुमचं. पुन्हा विषय काढणार नाही.”

मास्तरांनी तोंड शक्य तितकं गंभीर ठेवलं. “बघ हं. मागाहून रडायचं नाही.”

“नियम कुठेत?”

नियम एका दोनशे पानी वहीत होते, एकूण बेचाळीस. आजवर ती वही मास्तरांखेरीज कोणी उघडली नव्हती. बाईंनी ती शनिवारी दिवसभर वाचली. चष्मा लावून, पहिल्या पानापासून, अर्जदाराची कागदपत्रं तपासावीत तशी. दोनदा पेन्सिलीने खूण केली.

रविवारी सकाळी दहाला खेळ सुरू झाला. मेहुणा मानेला पट्टा लावून पंच म्हणून खुर्चीत बसला होता. मान हलत नसल्यामुळे प्रत्येक पाळीला तो आख्खा वळे.

“ताई, घाल खाली सगळी माणसं! पहिल्याच पाळीला घाल!”

“तू गप्प बस. तुझी माणसं किती वेळा मेली?”

“दोनशे वेळा तरी. पण मजा यायची.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. “माझ्या माणसांनी हल्ला केलाच पाहिजे, असं वहीत कुठे आहे?”

“तसं लिहिलेलं नाही. पण करतात.”

“का करतात?”

मास्तर अडखळले. “म्हणजे... चकमक आहे ना!”

“बरं,” बाई म्हणाल्या. त्यांनी चोवीस माणसं एकेक करून उचलली, डोंगराच्या मागून पट्टीने मोजत नेली आणि दोन पाळ्यांत झऱ्याच्या वरच्या खडकांआड बसवली. मग मटाराची परात मांडीवर घेऊन शेंगा सोलायला लागल्या.

“तुमची पाळी.”

मास्तरांनी तोफा डागल्या. खडकाआडच्या माणसाला गोळी लागायला सहाच पडावे लागत. एक पडला, दोन पडला, पुन्हा एक पडला. तुकडी खिंडीत शिरली.

“तुझी पाळी.”

“माझं काही नाही. तुमचं चालू द्या.”

हे वाक्य अठ्ठावीस वर्षं घासून इतकं गुळगुळीत झालेलं होतं, की ते ऐकताच मेहुण्याने आपोआप पुढच्या माणसाला जागा करून दिल्यासारखे पाय आखडले.

चौथ्या पाळीला तुकडी खिंडीतून बाहेर आली. मास्तरांनी पट्टी लावली तशी बाईंनी शेंग हातातच धरून विचारलं, “किती सरकवताय?”

“सहा इंच. नेहमीचे.”

“नियम सतरा वाचा.”

“सतरा कशाचा?”

“तुम्हीच लिहिलाय. तुमचंच अक्षर.”

मेहुण्याने वही नाकासमोर धरून वाचलं. “‘दर चार पाळ्यांत तुकडीने एकदा पाणी प्यायलं पाहिजे. न प्यायल्यास चाल निम्मी. आठव्या पाळीला खेचरं बसतात. दहाव्या पाळीअखेर तुकडी शस्त्रं खाली ठेवते.’ दाजी, हा नियम होता?”

होता. मास्तरांनी तो तिसऱ्या पुस्तकातून घेतला होता, खेळ खरा वाटावा म्हणून. चौथी पाळी आजवर कधी उजाडलीच नव्हती, म्हणून तो कोणाला लागला नव्हता.

“पण पाणी तर समोर आहे!” मास्तर म्हणाले. “झरा नऊ इंचांवर आहे.”

“आहे ना. या की घ्यायला.”

मास्तरांनी झऱ्याकडे पाहिलं. उन्हात तो चकाकत होता. वरच्या खडकांतून चोवीस बंदुका त्याच्यावर रोखलेल्या होत्या. निम्म्या चालीने, म्हणजे तीन-तीन इंचांनी, उघड्या जागेवरून तिथवर जायला तीन पाळ्या लागणार होत्या.

“हा अन्याय आहे. तहानलेल्याचं पाणी अडवायचं?”

“अडवलेलं कोणी नाही. दुरुस्तीसाठी बंद आहे.”

“कधी सुरू होणार?”

“सांगता येत नाही. अर्ज केलाय का?”

मेहुण्याला हसू आवरेना आणि मानेमुळे हसताही येईना. तो पट्टा दोन्ही हातांनी धरून कण्हत राहिला.

पाचव्या पाळीला मास्तरांनी दहा शिपाई पाठवले. बाईंनी फासे टाकले. त्यांची फासे टाकायची तऱ्हा कागदावर शिक्का मारल्यासारखी होती. चार उरले. सहाव्या पाळीला त्या चारांतले तीन गेले, आणि चौथ्याला मास्तरांनी स्वतःच परत बोलावलं, कारण त्याची बटणं रंगवायला एक आख्खी सुट्टी गेली होती. तोफांनी डोंगराचे टवके काढले. आठव्या पाळीला मास्तरांनी सहाही खेचरं एकेक करून आडवी केली. ती नीट बसवता येतील अशी केलेलीच नव्हती. दहाव्या पाळीला कप्तान झऱ्यापासून सात इंचांवर उभा होता, आणि त्याचा गुलाबी हात नेमका पाण्याकडे बोट दाखवत होता. बाईंचा एकही माणूस पडला नव्हता. मटारही सोलून झाले होते.

“शस्त्रं खाली,” बाई म्हणाल्या.

मास्तर बराच वेळ वही चाळत होते. बेचाळीस नियमांत पळवाट एकही नव्हती. आपण काम किती चोख केलं आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

“चला, टेबल रिकामं करा. भूक लागलीय.”

मास्तर शब्दाला जागले. त्यांनी शिपाई कापसात गुंडाळून कवळ्यांच्या डब्यांत ठेवले, एका डब्यात पाच-पाच. ठाणं उचललं, झरा उचलला. मग दोन्ही हातांनी डोंगर धरला आणि उचलला, म्हणजे उचलायला गेले. डोंगर हलला नाही. टेबल मात्र एका बाजूने वर आलं. मेहुण्याने टेबल दाबून धरलं. डोंगर तसाच. मास्तर मागच्या खोलीतून पातळ सुरी घेऊन आले, कडेने घालून पाहिली. सुरीचं टोक मोडलं.

चार वर्षांपूर्वी, पेटी आणली त्याच दुपारी, उत्साहाच्या भरात त्यांनी बादलीभर प्लास्टर कालवून थेट टेबलावर ओतलं होतं.

मास्तरीणबाई हात पुसत आल्या. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मोडक्या सुरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अहो, आधी काय लावायचं असतं?”

 त्या दिवसानंतर साच्यांची ती तीस वर्षांची गोष्ट मास्तरांनी कोणाला सांगितली नाही.

घासायच्या यंत्राने त्यांनी दोन दिवस डोंगर घासून पाहिला. पांढरी धूळ भातापासून उशीपर्यंत पसरली, तेव्हा बाईंनी ते काम बंद पाडलं. तेव्हापासून दोघं टेबलावर जेवतात. मास्तर ठाण्याच्या टोकाला, बाई खिडकीच्या, आणि मध्ये डोंगर. भाजीचं भांडं कडेने फिरून येतं. मिठाची बाटली खिंडीतून बरोबर जाते, जणू तिच्याच मापाने काढलेली. बाई दोन्ही कोपरं टेकून सावकाश जेवतात.

पाण्याचा तांब्या खिडकीशी असतो. पहिल्या दिवशी मास्तरांना एक घास तिखट लागला. ते अर्धवट उठून डोंगरावरून हात पुढे करत म्हणाले, “अगं, पाणी दे.”

बाईंनी तोंडातला घास नीट संपवला.

“अर्ज केलाय का?”