टायटलमधून खोडलेलं नाव

तिसऱ्यांदा लाट आली आणि तिसऱ्यांदा वाळूतली अक्षरं पुसली जायच्या ऐवजी ढासळली. किहीमच्या किनाऱ्यावर कॅमेरामन कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं थांबवून माझ्याकडे बघत होता.

मी मुंबईच्या एका स्टुडिओत टायटलं रंगवायचो. बोलपट अजून यायचे होते. सिनेमाच्या सुरुवातीला चित्राचं नाव आणि काम करणाऱ्यांची नावं दिसतात, ती टायटलं. काळ्या बोर्डावर पांढऱ्या रंगानं लिहायचं आणि समोर कॅमेरा लावायचा, एवढंच काम. पण हे चित्र खुनाचं होतं. स्टुडिओच्या गुजराती शेठना पहिल्याच शॉटला लोक दचकायला हवे होते. मी सुचवलं, चित्राचं नाव वाळूत लिहू, लाट ते नेईल. नाव मराठीत आणि उर्दूत हवं होतं. उर्दू मला येत नव्हतं, म्हणून जवळच्या थळचे दाऊदभाई आले होते. गलबतातून नारळ मुंबईला नेणारा माणूस. गावातली उर्दू पत्रं त्यांच्याच हातची.

ते म्हणाले, "पेंटरसाहेब, वाळू भुसभुशीत हाय. अक्षराला धार न्हाय येणार."

"मग काय करू?"

"ओहोटी पुरी होऊ द्या. पाणी उतरलं की वाळू दबून घट्ट होते. तवा लिवायचं. मग भरती चढंल, ती एकेक अक्षर घेऊन जाईल."

आम्ही थांबलो. झावळीच्या देठाची पट्टी तासून त्यांनी उर्दू नाव कोरलं. माझं मराठी अक्षरही तसंच कोरून दिलं. पाणी चढलं आणि शॉट एका दमात झाला.

"तुमचं नाव पडद्यावर घालतो," मी म्हणालो.

"उर्दूत पण?"

"उर्दूत पण."

ते लहान मुलासारखे हसले.

स्टुडिओत कार्ड तयार झालं. टायटलांखाली दोन नावं, माझं आणि दाऊदभाईंचं. शेठनी ते पाहिलं.

"दोन नाम कशाला? पब्लिक खून जोवा आवे छे, नावं वाचायला नाही. एक काढ."

"कुठलं?"

"ते तू बघ. मला शूं?"

मी ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि त्यांचं नाव झाकलं. फार विचार केला, असं म्हणता येणार नाही.

चित्र अलिबागला तंबूत लागलं तेव्हा लोकांना ते कसं वाटतं हे बघायला मी गेलो. दाऊदभाई माझ्या दोन रांगा पुढे होते. बायको, दोन मुली, म्हातारी आई, सगळ्यांना बैलगाडीतून घेऊन आले होते. लाटेनं नाव नेलं तेव्हा तंबूत टाळ्या पडल्या. मग नावांची कार्डं आली. ते पुढे वाकून वाचत होते. कार्डं संपली.

बायकोनं विचारलं, "तुमचं कुठं हाय?"

"आलं नि गेलं," ते म्हणाले. "तुझं ध्यान नव्हतं."

मी उठून त्यांच्याजवळ जायला हवं होतं. मी खाली मान घालून बसलो. बाहेर त्यांनी मला गाठलं, सलाम केला आणि म्हणाले, "लाट बेस आली." बाकी काही विचारलं नाही. पुढे थळला जायचं मी टाळत राहिलो.

त्या टायटलांमुळे मला वर्षभर काम मिळालं. हाताखाली शिकायला आलेल्यांना मी एकच सांगत असे: नावं किती ठेवायची हे मालक ठरवतो. कुठलं खोडायचं हे तुमच्यावर सोडलं, तर स्वतःचं खोडा. पण हे मला कसं कळलं, ते त्यांना कधी सांगितलं नाही.