तोंडी परीक्षा

मोताळ्याकडच्या आमच्या शाळेतले एक सर वर्गात लेखी चाचणी घेत नसत. "कागदावर नक्कल होते. तोंडी विचारलं का पोरगं सापडते," म्हणायचे. प्रश्न विचारून डोळे मिटायचे आणि कानामागे हात धरून उत्तराची वाट पाहायचे. रागवायचे नाहीत. मला त्या शांतपणाचीच भीती वाटे.

आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी बोलताना अडखळायची.

"सर, तिले लिहू द्या ना," मी म्हणालो.

"बोलन ते. मले काई घाई नाही."

आणि साऱ्या वर्गासमोर ते वाट पाहत राहिले.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. आईसोबत कापूस वेचायला जाते.

परवा सरांनी पहिल्यांदाच कोरे कागद वाटले. पहिला तिच्या रिकाम्या बाकावर ठेवला आणि तास संपेपर्यंत कुणाला उचलू दिला नाही.