पेटीची मुकी पट्टी

आमचे पाळक प्रभाकर उबाळे आठवडाभर मस्कतमधल्या अझैबा भागात एसी दुरुस्त करायचे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या बाप्टिस्ट मंडळीत पेटीवर स्वतः रचलेली गीतं वाजवायचे. पेटीची एक पट्टी इथल्या दमट हवेनं मुकी झाली होती. करतो दुरुस्त, म्हणायचे. कसलं काय. तो सूर आला की आम्ही सगळे थांबून श्वास घ्यायचो.

मार्चमध्ये ते वारले. त्यांच्याबरोबर गीतंही जाणार, अशी मला धास्ती होती. नंतरच्या उपासनेला त्यांची मुलगी एस्तेर नव्या कीबोर्डवर बसली. तिनं तो सूर व्यवस्थित वाजवला, पण मंडळी नेहमीसारखी तिथंच थांबली, चिल्लीपिल्लीसुद्धा. एस्तेर हसली आणि पुढच्या कडव्यात तिनं तिथं बोट उचललं.

बरं झालं, त्या माणसानं पेटी कधी दुरुस्त केली नाही.