चिंचेने घासलेली सीडी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इंदिरानगरच्या भारतची सारी पत एका सीडीवर उभी होती. लासलगावच्या अश्विनशेठच्या वजनकाट्याची वायर कॉम्प्युटरमधल्या ज्या जुनाट कार्डात जाते, त्या कार्डाची ओळख कॉम्प्युटरला पटवून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्या सीडीत होता. "कार्ड बनवणारी कंपनी बुडाली, आता ड्रायव्हर त्रिभुवनात फक्त माझ्याकडे," असं भारत बारा वर्षं सांगत आला. त्याच जोरावर काट्याचं काम त्याच्या हाती टिकलं होतं. सीडी देव्हाऱ्याखालच्या फळीवर असे, आणि खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिचीही पूजा होई.

यंदा दिवाळीनंतर शेठच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. भारतने नवी बसवली, विंडोज टाकलं आणि ऐटीत सीडी आत सरकवली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पडद्यावर कार्डापुढचं ड्रायव्हर नसल्याचं पिवळं चिन्ह काही जाईना. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर खोळंबलेले.

सीडी काढून उजेडात धरली, तर चकचकीत बाजूवर नुसते ओरखडे.

"घरी लाव फोन. स्पीकरवर," शेठ म्हणाले.

त्याच्या बायकोने, मोहिनीने उचलला.

"अगं, सीडीला काय केलंस?"

"काय म्हणजे? पूजेनंतर देवाच्या भांड्यांबरोबर घासली की! कुंकू निघेना, मग चिंच लावली, वर चिमूटभर राख. कशी आरशासारखी झालीये ना?"

ट्रॅक्टरवाले पोट धरून हसले. शेठ फोनवर वाकले. "वहिनी, आमचा काटापण पाठवू का घासायला?"

"पाठवा की भाऊ!" मोहिनीही मनापासून हसली.

शेठनी सटाण्याच्या सनी मेकॅनिकला फोन लावला. त्याने कार्डावरचा नंबर विचारला. तो वाचायला लावलं भारतलाच. दहा मिनिटांत ड्रायव्हर शेठच्या मोबाइलवर आला. तो कॉम्प्युटरमध्ये टाकायलाही भारतच. काट्याचे आकडे हलले.

"कुठं गावला रे?" शेठनी फोनवर सनीला विचारलं.

"नेटवर पडलाय की, कधीचा. फुकट."

शेठ उठले. कॉम्प्युटरवर भारतच्या नावानंबराचा स्टिकर होता, तो त्यांनी नखाने खरवडून काढला आणि सगळ्यांदेखत त्याच्या खिशावर थापटून चिकटवला. "निघा आता, भारतभाऊ. काटा सनी बघंल."

तो फाटकाबाहेर पडला तोच मोहिनीचा फोन.

"अहो, शेठ किती मोकळ्या मनाचे आहेत! एकदा जेवायलाच बोलवा ना त्यांना."