सोमवार कुणाचा, बुधवार कुणाचा

सुनेने हिंजवडीची नोकरी सोडली आणि आमच्या चिखलीच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसली. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलंय. आम्ही चाकणच्या कंपन्यांसाठी फिक्श्चर बनवतो, म्हणजे वेल्डिंग करताना पार्ट जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटी. कुठलं काम आधी मशीनवर चढवायचं ते मी ठरवायचो. सकाळी एक चक्कर मारली, बोट दाखवलं, काम सुरू. का म्हणून कुणी विचारलं नाही.

हिने भिंतीला पांढरा बोर्ड ठोकला आणि त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हणे स्क्रम, आयटीवाल्यांची कामं वाटून घ्यायची रीत. दर सोमवारी सकाळी प्लॅनिंग. मशीन बंद करून सगळ्यांनी बोर्डासमोर उभं राहायचं आणि आठवड्याची कामं उचलायची. पडून असलेल्या कामांची छाननीही तिथंच. ड्रॉइंग पुरं आहे का, माल आलाय का, वेळ किती लागेल. तिच्या ऑफिसात असंच चालायचं.

तिच्या ऑफिसाला सुट्टी शनिवार-रविवार. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, त्या दिवशी लाइट जाते. आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. सोमवारी माणूस कामात कोपरापर्यंत बुडालेला असतो. हे मला पहिल्याच सोमवारी दिसलं होतं. बोललो नाही. मला विचारलं होतं का कुणी?

व्हायचं ते झालं. एका सोमवारी छाननी आणि कंपनीला शुक्रवारी माल द्यायचा वायदा, दोन्ही एकाच दमात उरकलं. बुधवारी संध्याकाळी फिटर ओरडला, ड्रॉइंगमध्ये एका भोकाचं मापच नाही. गुरुवारी सगळं बंद. शुक्रवारी कंपनीचा फोन आला तो माझ्या मोबाइलवर. "काय राव, म्हातारपणी थापा मारायला लागलात?" हे मला ऐकवलं!

मी तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. "गुरुवारी लाइट नसती, एवढं तरी ठाऊक हाय का तुला?"

"तुम्हाला दिसत होतं तर आधी का नाही बोललात, आप्पा?"

"तुजं ते स्क्रम. त्यात आमी कशाला तोंड घालू?"

"मग आता सांगा. प्लॅनिंग कधी घेऊ?"

"मला न्हाई म्हाईत."

"माहितीये तुम्हाला." तोंडावर म्हणाली. माझा मुलगा शेजारीच होता, फोनमध्ये डोकं घालून.

तिने फिटरला विचारलं. माझ्यादेखत. दोघांनी ठरवून टाकलं. छाननी मंगळवारी डबा खाऊन झाल्यावर, तीसुद्धा दोन-तीनच माणसांत. अर्धवट ड्रॉइंग तिथंच अडवायचं, म्हणजे कंपनीला विचारायला सवड मिळते. प्लॅनिंग बुधवारी सुटायच्या आधी. शुक्रवारी आलं की थेट मशीनवर. फिटर हसत मला म्हणतो, "बरं झालं आप्पा, आता सकाळी तुमची वाट बघायला नको." याला हातात कानस धरायला मी शिकवलं.

पहिल्या बुधवारी तिने हाक मारली. गेलो. बोर्डावरची एक चिठ्ठी मी ओढून टेबलावर टाकली.

"हे आत्ता न्हाई."

"का, आप्पा?"

कारण होतं माझ्याकडे. त्या चिठ्ठीवरच्या कंपनीचा साहेब काम निम्म्यावर आलं की ड्रॉइंग बदलतो. पण इतकी वर्षं माझा शब्द पुरत होता.

"मी म्हनतो म्हनून."

"इथं सगळ्यांनाच कारण सांगावं लागतं. मीपण सांगते."

"तू सांग. मी न्हाई सांगायचो."

तिने चिठ्ठी उचलली आणि परत लावली. माझ्या भिंतीवर. फिटर पुढची चिठ्ठी वाचायला लागला. मी चपला घालून घरी आलो.

तेव्हापासून बुधवारी मी जात नाही. दुपारी तिचा फोन येतो. "आप्पा, येताय ना?"

"शेड माज्या नावावर हाय," मी म्हणतो. "तिथं यायला मला तुजी वेळ लागत न्हाई." आणि फोन ठेवतो.