ऑफिस वर गेलं

लग्न करून मी पुण्याहून कानडी मुलखात, बनशंकरीतल्या या घरी आले ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. वरची खोली आम्हा दोघांची, पण राउटर खाली हॉलमध्ये, आणि मधला स्लॅब ओलांडून नेट काही वर चढेना. मग माझं ऑफिस खाली जेवणाच्या टेबलावर थाटलं गेलं. टेबलाला लागून स्वयंपाकघर, मध्ये दारसुद्धा नाही. तिथे सासूबाईंचं राज्य. त्यांना सगळं घर अक्का म्हणतं, मीही तेच म्हणते.

मीटिंग सुरू झाली की मी हात वर करायचे आणि अक्का मिक्सर बंद करायच्या. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची, तीही निवांत. इडलीचं पीठ वाटायचं ते माझ्या ऑफिसच्या साहेबांच्या सोयीने. शेजारीण आली तर अक्का तिला फाटकापाशी घेऊन जायच्या आणि तिथेच उभ्याउभ्या बोलणं उरकायच्या. कहर म्हणजे रविवारीही त्या कुजबुजतच बोलत.

एका संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. "वर पण एक डबा बसव रे," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझं स्वयंपाकघर मला परत पाहिजे."

मला झोंबलं. मी काय अडगळ झाले होते? पण त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना, म्हणून मी लॅपटॉप मिटला आणि ताटं मांडायला घेतली.

नवऱ्याने दुसरा राउटर आणला, जिन्याच्या कडेने वायर वर नेली आणि खालच्या राउटरला जोडली. फोनवर सिग्नलच्या रेघा भरल्या, पण एक पान उघडेल तर शपथ. आमचे इंजिनियर नवरोबा डोकं खाजवत बसले. शेवटी कळलं, घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम दोन्ही राउटर आपापल्या मर्जीने करत होते. वरच्याचं ते काम बंद केलं आणि नेट धावायला लागलं.

"एका घरात दोन कारभारी कसे चालतील?" अक्का हळूच म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"म्हणूनच मला वर धाडताय ना?"

"सरी," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. म्हणजे बरोबर.

दुसऱ्या दिवशी मी वर बसले. चित्र एकदाही अडकलं नाही, आवाज स्वच्छ, मी खूश. दुपारच्या मीटिंगमध्ये खालून मिक्सर घरघरला, मग शिट्टी झाली आणि मग एका बाईचा आवाज ऐकू आला. खणखणीत, हसरा, अर्धा कन्नड, अर्धा मराठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो शेजारणीची फिरकी घेत होता, भाजीवाल्याला दटावत होता, मधूनच फोडणी करपली म्हणून स्वतःलाच रागवत होता. कोण पाहुणी आली म्हणून मी जिन्यात जाऊन वाकले.

पाहुणी कोणी नव्हती. अक्काच होत्या. आणि मी माहेरी सांगत आले होते की माझी सासू स्वभावानेच अबोल आहे! जिन्यात उभी राहून मी ऐकत राहिले. मला हसू येत होतं. हा आवाज मला फार आवडला.

परत येऊन बसले तर साहेब मला काहीतरी विचारत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालून हाक आली, "अगं ए, जेवायला ये! भात निवतोय!"

सगळ्या ऑफिसने ती ऐकली.

"आले, अक्का!" मीही तितक्याच मोठ्यांदा ओरडले, माईक चालू ठेवून.